चौथी ओळ एका दमात

सई आणि नील,

कूलरमधलं मागच्या वर्षीचं गवत काढून नवं भरलं की पहिल्या दिवशी सगळ्या घराला ओल्या गवताचा वास येतो. काल आपल्याकडे ते काम झालं. पंखा सुरू झाला, गवतातून पाणी झिरपायला लागलं आणि वास स्वयंपाकघरापर्यंत आला. वर्ध्याच्या माणसाला हा वास म्हणजे सुटका वाटते. मलाही वाटायची. पण गेल्या वैशाखापासून तो आला की मी आधी कूलरचा पंखा बारीक करते. हातातलं काम थांबवून मी कान देते. आतल्या खोलीत तुमच्या आबांनी क्लॅरिनेट हातात घेतलंय का, आणि घेतलं असेल तर खालचा सूर लागतोय का.

तुम्ही फोनवर विचारता, आजी, उन्हाळ्यात तिथे काय असतं? ऊन असतं आणि लग्नं असतात. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि पाच वाजले की त्याच रस्त्यावर जरीच्या साड्या, नवे बूट आणि घामाने ओघळलेली पावडर दिसायला लागते. एसटीत प्रत्येक बाईच्या मांडीवर आहेराची पिशवी असते. बॅंडवाले लाल कोट घालून कडुनिंबाखाली उभे असतात, कोटाची बटणं उघडी टाकून, टोपीने वारा घेत. त्यांची पितळेची वाद्यं इतकी तापतात की त्याखाली रुमाल धरावा लागतो. मांडवाच्या कापडाला, शिजत्या वांग्याच्या भाजीला आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांना मिळून एक वास असतो. तो वास म्हणजे आमचा वैशाख.

आणि त्या वैशाखात आपल्या घरची म्हणून एक रीत आहे. ती तुम्हाला कोणी सांगितली नसेल, म्हणून सांगते. लग्नात अंतरपाट धरला की मंगलाष्टकं म्हणतात, हे तुम्ही पाहिलंय. आपल्याकडे सगळी मंगलाष्टकं गुरुजी आणि नातेवाईक म्हणतात, पण शेवटचं कोणी म्हणत नाही. ते फक्त क्लॅरिनेटवर वाजतं, शब्दांशिवाय. आबांच्या मामांनी हे सुरू केलं. ते इंग्रजांच्या काळात नागपूरला पोलिसांच्या बॅंडमध्ये होते. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक आईने म्हणायचं ठरलं होतं, आणि तिला रडण्यामुळे एक शब्दही काढता येईना. तेव्हा मामांनी ते वाजवून दिलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलीला तसाच निरोप. चार ओळी. पहिल्या तीन ओळींत मधल्या विरामाला श्वास घेतला तर चालतो. चौथी ओळ एका दमात. ती मधे तुटू द्यायची नाही. तिचा शेवटचा सूर थांबला की अंतरपाट खाली, अक्षता डोक्यावर, आणि बाहेर बॅंड सुरू.

मामांनंतर ही चौथी ओळ आबांकडे आली. वाद्यही तेच आलं. सई, तू ते हातात घेतलं होतंस तेव्हा म्हणालीस, "आजी, हे किती जड आहे!" काळं लाकूड आहे ते. वरची अक्षरं बोटांनी पुसली गेली आहेत, 'लंडन' एवढंच वाचता येतं. तुझ्या क्लॅरिनेटला चाव्या आणि कड्या जास्त, त्याला कमी. त्याची भोकं सरळ बोटाखाली उघडी असतात. त्यामुळे आबा बोट हळूहळू सरकवून एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातात. तुझ्या वाद्यावर सूर पायऱ्यांसारखे लागतात, त्यांच्यावर उतारासारखे. मधले काही सूर मात्र त्याचे घोगरे आहेत, सर्दी झालेल्या माणसासारखे. आणि त्याला ऋतू बाधतात. पावसाळ्यात सांधे फुगतात आणि सुटे करताना दोन माणसं लागतात. वैशाखात लाकूड आकसतं आणि धातूच्या कड्या बांगड्यांसारख्या खुळखुळतात. मग आबा सांध्याला दोरा गुंडाळतात, त्यावर मेण फिरवतात आणि "म्हातारीले साडी नेसवून राह्यलो" असं म्हणतात.

आबा आजारी पडले त्या हिवाळ्यात तू त्यांना पाहायला आलीस तेव्हा तुझं शाळेतलं पहिलं क्लॅरिनेट इथेच ठेवून गेलीस, कारण तुला तिकडे मोठं मिळणार होतं. तुझं जुनं, आमचं नवं. प्लास्टिकचं, हलकं, ना ऊन मानत ना पाऊस. आबांनी तेव्हा ते उघडूनही पाहिलं नव्हतं. त्यांना पलंगावर उठून बसायलाही धाप लागत होती.

दसऱ्याच्या दिवशीच त्यांना ताप होता. नंतर तो छातीत उतरला आणि न्युमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की त्यातले निळे गोळे वर उचलले जातात. पहिला गोळा उठायचा, दुसरा कसाबसा उठायचा, तिसरा तळाशी बसून असायचा. आबा त्या तिसऱ्या गोळ्याकडे असं पाहायचे की मला खोलीतून बाहेर जावंसं वाटायचं.

फाल्गुनात त्यांनी पहिल्यांदा क्लॅरिनेटची पेटी उघडली. मी ओट्याशी होते. वरचे सूर आले, बारीक पण स्वच्छ. मग ते खाली उतरले, खर्जाकडे, जिथून मंगलाष्टक सुरू होतं. आणि तिथे सूर लागण्याऐवजी किंचाळला. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा किंचाळला. तिसऱ्या वेळी नुसती हवा आली. थोड्या वेळाने पेटीच्या दोन्ही कड्या लागल्याचा आवाज आला. मी दारात गेले तर ते पेटी कपाटावर चढवत होते.

"काय झालं?"

"दम गेला," ते म्हणाले. "संपलं."

"अहो, पहिलाच दिवस आहे."

"मास्तरीणबाई, तुमचं इंग्रजी तुमच्यापाशी. श्वास कोनाचा हाय? माहा हाय. मले समजते." मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून चिडले की ते मला मास्तरीणबाई म्हणतात.

आणि वैशाखात केतकीचं लग्न ठरलेलं होतं. केतकी म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची मुलगी, सेलूची. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. तिची आई, माझी जाऊ शोभा, शेती बघते. केतकी लहानपणापासून आबांना मोठे बाबा आणि मला मोठी आई म्हणते. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आबांनी शेवटचं मंगलाष्टक वाजवलं तेव्हा ही फ्रॉकमध्ये पुढे उभी होती, आणि संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माह्या लग्नात याच्याहून लंबं वाजवजो." तेव्हा मांडव हसला होता. आता ती दर आठवड्याला फोन करत होती आणि आबा फोन माझ्या हातात देत होते.

माझ्या मनाला एक गोष्ट टोचत होती. दम गेला असेल तर सगळेच सूर जायला हवेत. वरचे सूर स्वच्छ येतात आणि खालचे तेवढेच किंचाळतात, असा कसा दम जातो? मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते वर्तमानपत्र वाचत राहिले. मग मी म्हटलं, सईचं नवं वाद्य आहे, त्यावर खालचा सूर लावून बघा. दोन्हीवर किंचाळला तर दोष तुमचा, एकावर किंचाळला तर वाद्याचा.

ते म्हणाले, "नाई."

"का?"

"नाई म्हंजे नाई."

मला वाटलं, नव्याचा तिटकारा असेल. नंतर दुपारी उन्हामुळे बंद केलेल्या खोलीत पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं. जोवर नवं वाद्य बंद आहे तोवर प्रश्न उघडा आहे. नव्यावरही खालचा सूर आला नाही, तर पुढे विचारायला काही उरत नाही. त्यांना तिटकारा नव्हता, भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर ते ध्यानात आल्यावर मलाही वाटायला लागली. मी पुन्हा विषय काढला नाही.

चैत्र लागला. सकाळीच ऊन चढायला लागलं. आबा पहाटे उठून अंगणात खुर्ची टाकून बसत आणि बुलबुलांकडे पाहत. पूर्वी ही वेळ सुरांची होती. शेजारचे लोक चहा पिताना ऐकायचे. आता तेही काही विचारत नव्हते, आणि त्यांचं ते न विचारणंच जड जायचं.

एका सकाळी केतकी एसटीने आली. हातात पत्रिकांची पिशवी, डोक्यावर ओढणी, चेहरा लालबुंद. पाणी प्यायली, आमच्या पाया पडली आणि एक पत्रिका देवापुढे ठेवून, एक आबांच्या हातात देऊन त्यांच्या समोर खाली बसली.

"मोठे बाबा, वाजवान नं तुमी?"

आबांनी पत्रिकेवरची नावं वाचली, मग मागची बाजूही वाचली.

"तुमची तब्येत नसन तं राहू द्या," ती म्हणाली. तिला खरोखर त्यांना सोडवायचं होतं, हे तिच्या आवाजातून कळत होतं. "ताईच्या लग्नातलं रेकॉर्डिंग हाय आपल्यापाशी. पोराकडचे लोक म्हंते, स्पीकरवर लावून देऊ. कोनाले समजतबी नाई."

आबा उठले. आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, लागलं त्यांना, आता दार लावून घेतील. केतकी माझ्याकडे पाहत होती, डोळ्यांत पाणी. "मोठी आई, म्या काऊन म्हटलं असं?" मी तिचा हात धरला. आतून प्लास्टिकच्या पेटीचा खटका वाजला. आबांच्या जुन्या पेटीचा आवाज वेगळा आहे. हा सईच्या पेटीचा होता.

फुंकायच्या टोकाला बसवायची बोरूची पत्ती आधी तोंडात ओली करायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघी पंख्याखाली पुतळ्यासारख्या बसलो होतो. मग सूर आला. सरळ खालचा. गोल, स्वच्छ, दवाखान्याच्या फरशीसारखा गुळगुळीत. तो थरथरला नाही, किंचाळला नाही. त्याच्या खालचाही आला. अगदी शेवटचा आला.

केतकी टाळ्या वाजवणार होती, मी तिचे हात दाबले. आबा बाहेर आले. चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो चोर सापडल्यावरचा चेहरा होता.

"म्हंजे म्हातारी बिमार हाय," ते म्हणाले. "म्या नाई."

मग कपाटावरून पेटी खाली आली. जेवायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि आम्ही तपासायला बसलो. वाद्याचा वरचा भाग सुटा केला. आबांनी बोटांनी भोकं बंद केली, तळाला पंजा दाबला आणि वरून फुंकलं. हवा आत कोंडून राहिली. तो भाग ठीक. खालचा भाग तसाच केला, तर हवा कुठून तरी सूं करून निघून जात होती. कुठून ते कळेना. प्रत्येक चावीला एक टोपी असते, तिच्या आत चामड्याची गादी असते, ती भोकावर घट्ट बसली पाहिजे. संक्रांतीच्या पतंगांचा पातळ कागद घरात होता. मी त्याच्या पट्ट्या कापल्या. टोपीखाली पट्टी ठेवायची, चावी दाबायची आणि पट्टी हळू ओढायची. गादी नीट बसत असेल तर कागद धरला जातो. आबा दाबत होते, मी ओढत होते, केतकी मोबाईलचा उजेड धरून होती.

"धरलं."

"पुढची."

"धरलं."

"जोरात नको ओढू, कागद फाटते."

"मी जोरात ओढत नाही. तुम्ही जोरात दाबताय."

"चाळीस वर्सं म्या दाबून राह्यलो, आता हे शिकवते मले."

तळाच्या मोठ्या टोपीखालून कागद सरळ निसटून माझ्या हातात आला. पुन्हा ठेवला, पुन्हा निसटला. ही टोपी एरवी उघडीच असते, दाबली की बसते. केतकीने उजेड जवळ नेला. गादीच्या आतल्या बाजूला चामड्याच्याच रंगाचं काहीतरी चिकटलं होतं, सुरकुतलेलं. आबांनी ते दाढीच्या चिमट्याने सोडवलं आणि तळहातावर ठेवलं. झेंडूची पाकळी होती.

दसऱ्याला आपल्याकडे पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडतात. विळा, कात्री, माझं शिवणयंत्र, शब्दकोश, आणि मधोमध आबांचं क्लॅरिनेट, जोडून, आडवं. त्यावर गंध, त्यावर झेंडू. त्या वर्षी पूजा झाली तेव्हा त्यांचं अंग तापलं होतं, त्यांनी फुलं झटकली आणि वाद्य पेटीत घालून टाकलं. गंधाच्या ओलाव्याने पाकळी गादीला धरली आणि सगळा हिवाळा तिथे वाळत राहिली. आणि बाहेर एक माणूस स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिला दोष देत बसला.

केतकी आधी हसली. मग आम्ही तिघंही इतके हसलो की आबांना खोकला आला.

गोष्ट इथेच संपली असती तर मी तुम्हाला ती फोनवरच सांगितली असती. पण त्याच दुपारी, पाकळी निघाल्यावर, आबांनी जुन्या वाद्यावर मंगलाष्टक वाजवायला घेतलं. खर्ज लागला. मामांच्या वाद्याचा तो धुरकट, खाली ओढणारा आवाज पुन्हा घरात आला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथी ओळ मध्यावर आली आणि तुटली. ते थांबले, पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच तुटली. म्हणजे वाद्य बिघडलं होतं हे खरं, आणि दम कमी झाला होता हेही खरं. एक सापडलं म्हणून दुसरं खोटं ठरलं नाही. केतकी तेव्हा परतीच्या एसटीत बसलेली होती, आपले मोठे बाबा वाजवणार या आनंदात.

त्यानंतरचे दिवस मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. रोज पहाटे चौथी ओळ. रोज त्याच जागी तुटायची, कधी एक सूर पुढे, कधी एक मागे. मी आत पोळ्या लाटायची आणि त्या जागेपाशी माझं लाटणं थांबायचं. माझाही श्वास थांबायचा. कधी कधी मला वाटायचं, मी माझा दिला असता.

मग गजाननराव आले. ते सेलूकडचे, लग्नांत कीबोर्ड वाजवणारे, पोटाने आणि स्वभावाने मोठे. मुलाकडच्यांनी त्यांना ठरवलं होतं आणि ते आबांसोबत एकदा वाजवून बघायला कीबोर्ड घेऊनच आले. आबांनी जुन्यावर सूर लावला, गजाननरावांनी कीबोर्डवर तोच लावला, आणि मी कानाला हात लावला. दोघांचा षड्ज जुळेना. जुनं वाद्य नव्या मापापेक्षा थोडं चढं आहे. तेव्हाच्या बॅंडांचा सूरच चढा असायचा, आणि आपल्या घरची हार्मोनियम मामांनी त्याच्यावरच लावून घेतली होती, म्हणून आम्हाला इतकी वर्षं कधी कळलं नाही.

"काका," गजाननराव म्हणाले, "तुमचं वाद्य म्हंजे घरचा जावई हाय. जरा वरच बसून राह्यलं."

"तुमचं खाली घ्या का वर घ्या, बटन असन नं?"

"कीबोर्ड जाते वर. पन मागचे तबले-बिबले भरून आणले हायत, ते नाई जात."

आबांनी सांधा थोडा बाहेर ओढून वाद्य लांब केलं. एक सूर जुळला, तर दुसरे तीन बिघडले. मग त्यांनी सईचं वाद्य घेतलं. ते पहिल्या सुरापासून कीबोर्डशी असं जुळलं की जणू एकाच कारखान्यातून निघालं होतं. चौथ्या ओळीत आबा अडखळले, पण खाली कीबोर्डचा सूर भरून राहिला होता. तुटलेलं कळलंच नाही. गजाननराव खूश झाले. मी तर देवाला हात जोडले.

ते गेल्यावर मी म्हटलं, "झालं तर मग. नव्यावर वाजवा."

आबा जुनं वाद्य पुसत होते. आत कापड घालून ओढायचं, मग सांधे पुसायचे, हे त्यांचं सावकाश चाललं होतं.

"जुन्यावर वाजवतो. एकटा," ते म्हणाले.

"आणि तुटली तर?"

"तुटन."

"सगळ्या मांडवात? पोराकडच्यांसमोर? सेलूच्या बायका काय म्हणतील ठाऊक आहे ना? चौथी ओळ तुटली, अपशकुन झाला. शोभाला आयुष्यभर ऐकावं लागेल."

"लपवून वाजवाचं असन तं मंग ते रेकॉर्डिंग काय वाईट होतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोरीले बाप नाई. तिले निरोप द्यायचा तं आपल्या आवाजात द्यायचा. घोगरा असन तं घोगरा."

मला राग आला होता. लग्नाच्या दिवसापर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आता लिहिताना वाटतं, मी त्यांच्याशी नाही, त्या चौथ्या ओळीशी भांडत होते.

लग्न सेलूला, घरालगतच्या मोकळ्या जागेत मांडव, गोरज मुहूर्त. दिवसभर झळा वाहत होत्या. वाद्य मी माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून मांडीवर नेलं आणि गाडीचा एसी लावू दिला नाही. गाडीवाला वैतागला. "काकू, या सामानाले गरमी होत नाई का? आमाले होते." एकदम थंड आणि एकदम गरम झालं की जुनं लाकूड तडकतं, हे त्याला सांगत बसले नाही. पोचल्यावर पाहिलं तर कड्या सैल झाल्या होत्या. आबांनी शोभाच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेऊन सांध्याला गुंडाळला. शेवटची गाठ मी मारली. आम्ही अजून बोलत नव्हतो.

वरात आली, नाच झाला, मुहूर्त टळत टळत अंधारायला आलं. अंतरपाट धरला. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली. मुलाच्या आत्याने दोन म्हटली, माईकमध्ये फार जवळून. लोकांच्या मुठीत अक्षता होत्या, गुरुजी 'सावधान' म्हणाले की थोड्या उडायच्या, थोड्या राखून ठेवायचे. शेवटी गुरुजींनी आबांकडे पाहून हात केला. आबा खुर्चीतून उठले.

पहिल्या ओळीला आमच्या बाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या ओळीत ते घोगरे मधले सूर आले. माईकमधून तो घोगरेपणा सगळ्या मांडवावर पसरला. एखादं वडीलधारं माणूस घसा खाकरून बोलायला लागावं तसा तो वाटला. तिसरी झाली. चौथी सुरू झाली आणि मी त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिले. मध्यावर आली. त्यांनी वाद्य ओठांपासून काढलं. ओळ तुटली.

मुलाकडच्यांना आपली रीत माहीत नव्हती. त्यांना वाटलं, संपलं. मागून अक्षतांचा पाऊस आला, टाळ्या झाल्या, आणि बाहेर वाट पाहून कंटाळलेल्या बॅंडने सिनेमातलं गाणं दणक्यात सुरू केलं. अंतरपाटाचं एक टोक खाली आलं. गुरुजी ओरडले, "थांबा! थांबा! झालं नाही अजून! धरा तो वर!" कोणीतरी बॅंडकडे धावलं. आधी ढोल थांबला, मग झांजा, एक तुतारी मात्र बराच वेळ एकटीच वाजत राहिली. मागून कोणी म्हणालं, "काकाजीची ब्याटरी डाऊन झाली वाटते," आणि तरुण मुलं हसली. आबांनी ते ऐकलं. शोभाचा चेहरा पांढरा पडला होता.

गुरुजी हळूच म्हणाले, "आबासाहेब, पहिल्यापासून घ्यायचं का?"

आबांनी मान हलवली. नाही. त्यांनी पत्ती ओठात धरली आणि जिथे ओळ तुटली होती, बरोबर तिथूनच पुढचा सूर लावला. मागे गेले नाहीत. चार-सहा सूर आले. आणि ओळीच्या शेवटाच्या जरा अलीकडे त्यांचा श्वास पुन्हा संपला. त्यांनी वाद्य पुन्हा खाली घेतलं.

या वेळी कोणी हललं नाही.

मुठी वर होत्या, तशाच राहिल्या. मागची मुलं टाचा उंचावून पाहत होती. गुरुजींचा हात हवेत होता. अंतरपाटाच्या अलीकडे केतकीने हार दोन्ही हातांत धरला होता, आणि तिने मान वळवून आबांकडे पाहिलं, घाई नसल्यासारखं. माईक आबांच्या तोंडाजवळ होता. त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत जाणारा, थांबणारा, थोडा खरखरणारा. सगळा मांडव तो श्वास ऐकत उभा होता. मग त्यांनी वाद्य वर घेतलं आणि राहिलेले सूर वाजवले, बोट सरकवत, उतारावरून उतरल्यासारखे. शेवटचा लांब होता. किती लांब ते मला सांगता येणार नाही, पण तो संपल्यावरही काही क्षण अक्षता पडायच्या राहिल्या होत्या.

नंतर आबा मागच्या खुर्चीत बसले होते, शर्ट घामाने चिकटलेला. मी पाण्याचा ग्लास दिला.

"मधातलं ऐकू आलं का सगळ्यायले?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि ग्लास एका घोटात संपवला. आमचं भांडण तिथे मिटलं.

सई, तू विचारलं होतंस, कोणतं चांगलं, जुनं की नवं. मी दोन्ही ऐकलं आहे, तेव्हा माझं मत देते. रोजच्या सरावाला, उन्हात, कोणासोबत जुळवून वाजवायला तुझंच चांगलं. ते वाजवणाऱ्याला सांभाळून घेतं. आबा आता सकाळी तेच घेतात. जुनं कोणाला सांभाळून घेत नाही. पण ते ज्याचं आहे त्याच्यासारखं वाजतं, म्हाताऱ्यासारखं वाजवलं तर म्हातारं. ते तुला पाठवायचं का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. तुमच्या बर्फात ते तडकेल अशी मला धास्ती आहे, आणि आबांना ते तुझ्या हातात हवं आहे.

काल कूलरचं काम चालू असताना जाम गावचे एक गृहस्थ आले. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. मुलीचं लग्न आहे म्हणाले. ओळख नाही, देख नाही, पण केतकीच्या लग्नात मुलाकडून आले होते. चहा झाला. मग ते आबांकडे वळून म्हणाले, "काकाजी, त्या दिवशी तुमी मधात थांबून थांबून वाजवलं नं, तसंच पाह्यजे. आमच्या घरी सगळे तेच म्हंते. ते थांबनं काही औरच होतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

"तसं मुद्दाम थांबता येत नाई," आबा त्यांना म्हणाले. "दम लागते तवाच थांबतो." मग थोडं थांबून, "पन येतो."